निरगाठ

आलिरो तीन आठवड्यांचा असताना पाळण्यात हसला.
शेजारच्या दोन्या एल्सिरा म्हणाल्या,
देवदूत गुदगुल्या करतायत.
आम्ही ऐकलं. कोण नाही ऐकणार?

पुढे तो भिंतीकडे बघून हसायला लागला.
ताटातला बटाटा तसाच, चमचा हवेत,
ओठ हसरे आणि डोळे
दुसऱ्याच कुणाच्या घरी विसरून आल्यासारखे.
आजोबांची शवपेटी बोटीत चढवताना हसला.
चुलत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे,
आणि सगळ्यांदेखत एक चापट मारली.
ती अजून माझ्या हातातच आहे.

चार वर्षांचा झाला तेव्हा माझा अंगठा धरून म्हणाला,
बाबा, मी नाही हसत. ते येतंय परत.
थांबव ना.

मग चिलोएहून फेरीबोट, मग बस, रात्रभर बस, सान्तियागो.
वाटभर ओर्तेन्सिया घड्याळ बघून वहीत लिहीत होती :
चौदा सेकंद. नऊ. एकवीस, नंतर हातपाय ताठ, नंतर झोप.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर पेन टेकवलं.
मेंदूच्या पार तळाशी, मसुराएवढी,
त्याच्याबरोबरच जन्मलेली.
पसरत नाही. फार क्वचित आढळते.
साधी गाठ आहे, म्हणाल्या.

मी जाळी विणतो.
सुरगाठ एका झटक्यात सुटते.
निरगाठीला पाणी लावावं लागतं, दात लावावे लागतात,
कधी अख्खा दिवस तिच्यापुढे बसावं लागतं.
साधी गाठ कुठली, ते मला माहीत नाही.
एवढंच विचारलं : आणि शेजारचे धागे?
त्या लगेच बोलल्या नाहीत.
त्या न बोलण्यावर मी सही केली.

घरी येऊन नऊ आठवडे झाले.
केसाहून जरा जाड तार आत गेली होती म्हणे, टोकाशी उजेड घेऊन.
टाळूवर एकच टाका. वहीत काही नाही.
घर इतकं गप्प
की चुलीत लाकूड तडकलं तरी दचकतो.

काल कुत्र्याने सुकत घातलेला मासा पळवला,
दाराच्या फटीत शेपटी अडकली, माशाची की त्याची कोण जाणे,
आणि आलिरो हसला.

ओर्तेन्सियाचा हात पेन्सिलीकडे गेला.
मी मनात आकडे लावले, दोन, तीन, चार,
सहावर त्याने वळून आमच्याकडे पाहिलं,
डोळे घरीच होते,
आणि म्हणाला,
तुम्ही का नाही हसत?