चार फेरे मागे

मूगवड्या वाळवायच्या बाजेवर
गिअरबॉक्स उघडून ठेवलाय.
खालची चादर इंदूकडून मागून घेतली,
परत मिळणार नाही हे तिलाही माहीत.

जिनिंगच्या शेडात सव्वीस वर्षं
उभी होती ही इम्पाला, विटांवर.
तीन हंगामांच्या थकल्या बिलापोटी
शेटच्या नातवानं चावी दिली, म्हणाला,
"भंगारात गेली तरी तुमचे पैसे निघतात, शालिकभाऊ."
पॅन उतरवला तर जळक्या तेलाचा काळा चिकटा.
पुढच्या पोकळीत मूठभर सरकी.
उंदीर तिथवर कसा पोचला, त्यालाच ठाऊक.

मी ट्रॅक्टरचा माणूस.
क्लच म्हणजे पाय, गिअर म्हणजे हात,
मधे लपवाछपवी नाही.
हे यंत्र आपलं आपणच ठरवतं
केव्हा जोर, केव्हा वेग,
तेलाच्या दाबावर, अंधाऱ्या गल्ल्यांमधून.
तो गल्ल्यांचा ठोकळा हातात घेतला
तेव्हा वारूळ मधोमध कापल्यासारखं वाटलं,
आणि मुंग्या कुठं गेल्या असतील, असं.

पुस्तक पंचफुला वाचते. इंग्रजी तिचं, हात माझे.
"हा मधला सूर्य," ती सांगते, "भोवतालचे ग्रह."
इंदू भाकर थापता थापता:
"मंग याच्यातला शनी कोनता?"

सीलचा संच कोलकात्याहून आला.
पार्सल गावच्याच डाकघरात,
देणारी पंचफुला, घेणारी पंचफुला,
सही दोन्हीकडे तिचीच,
तरी शिक्का तिनं दणकून मारला.

नव्या क्लचप्लेटा रात्रभर भिजत घातल्या.
तेल लाल, भिवापुरी मिरचीच्या तर्रीसारखं.
सकाळी शेजारचे भोयरकाका आले,
झाकण उचलून वास घेतला,
आणि काही न बोलता परत ठेवलं.

एक छर्रा हरवला.
दिवे लागेपर्यंत अंगण चाळलं.
सापडला पुतण्याच्या कंच्यांत.
त्यानं तो खेळात जिंकला होता.
कोणाकडून, ते मी विचारलं नाही,
सहा कंचे मोजून सोडवला
आणि टाचांच्या भेगांचं व्हॅसलीन लावून
त्याच्या जागी चिकटवला.

पंचफुला पाच वर्षांची असताना
तापानं तिच्या डाव्या पायातलं सगळं बळ नेलं.
एसटीच्या पायऱ्या ती मोजत नाही,
चढवणारे हात मोजते.
शेडात, धुळीत, दार उघडून
कुबडीवर वाकून तिनंच आधी पाहिलं:
"शालिक, याले दोनच पेडल हायेत."
त्यानंतर मी भंगाराचा भाव विचारला नाही.

रविवारी इंजिन गुरगुरलं.
ती स्टिअरिंगवर, मी बाजूला.
डी वर टाकलं. काही नाही.
एल वर. काही नाही.
आर वर टाकलं, आणि गाडी
कुंपणाच्या तुराट्यांपर्यंत मागे गेली.
मी म्हटलं, "उतर, पुन्हा खोलावं लागते."
ती म्हणाली, "बस तू."

मान वळवून, एक हात सीटच्या पाठीवर,
शाळेवरून, पिठाच्या गिरणीवरून,
बकऱ्या दोन्हीकडे पांगवत
तिनं गाडी पाटाच्या पुलापर्यंत नेली. उलटी.
पानठेल्यावरून कोणी ओरडलं,
"काहून व पोस्टातल्या बाई, उलट्या काहून?"
"जाऊन तं राह्यली ना!"
पुलाजवळच्या खळ्यात मोठा वळसा घेतला
आणि परतही तशीच.
डाव्या पायातली चप्पल वाटेत कधी निसटली
तिला कळलं नाही.

रात्री पुस्तक पुन्हा उघडलं.
बँडचा स्क्रू पुरता आवळावा,
मग मोजून चार फेरे मागे.
मी मोजत होतो तेव्हा फोन आला होता,
कोणाच्या तरी रोटाव्हेटरचा.
मग किती घेतले, देव जाणे.

आता मी गाडीखाली,
ती बाजेवर टॉर्च धरून.
आधी पुरता आवळला.
"एक," ती म्हणते.
"दोन."
तुरीच्या शेतातून गार वारा येतो, टॉर्च हलतो, थांबतो.
"तीन. शालिक, फोन वाजून राह्यला तुझा."

वाजू दे.