सहाच होड्या

आरोंद्याच्या जेटीवर आमची पाटी आहे, निळी,
गोपिकेच्या पोराने रंगवलेली:
कांदळवन फेरी. माणशी दोनशे. बोलणे हळू.
पलीकडच्या काठावर इनासची, पिवळी.
तिच्यावरही तेच, फक्त ‘हळू’च्या जागी ‘सवकास’.

मध्ये खाडी.
नकाशात तिच्या पोटातून एक तुटक रेघ जाते.
ती आम्ही पहिल्यांदा बघितली
बंदर खात्यातल्या साहेबाच्या बोटाखाली.
तुमची होडी इथवर, तो म्हणाला,
पुढे त्यांचं राज्य, त्यांचा परवाना, त्यांचा शिक्का.
सायबानू, शालन म्हणाली,
सुकतीक थंय पाणीच नसता,
मगे ही रेघ खंय ठेवतल्यात?
साहेबाने चहा मागवला.

मग तीन वर्षं.
एकाच अर्जाच्या अकरा प्रती,
काही आमच्या भाषेत, काही इनासच्या.
टेबलावर मिसळल्या की
कुठली कुणाची ते सही बघून ओळखायचं.
पणजीत सांगत, मुंबईचं पत्र आणा.
मुंबईत सांगत, पणजीचं आलं का?
तोवर आमच्या होड्यांना दोनदा डांबर लागलं.

खरा करार झाला तो रुजायच्या अंगणात,
जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर,
वाऱ्याने उडू नये म्हणून चार तिसऱ्यांच्या शिंपल्या ठेवून.
दिवसाला होड्या सहाच. तीन तुमच्या, तीन आमच्या.
इंजिन नाही. वल्हं.
जो इकडून चढेल तो जेवेल तिकडे,
तिकडचा इकडे.
आणि तळाला, जागा उरली नव्हती म्हणून आडवं,
रुजायने हट्टाने घातलेलं:
पाणमांजरीला पिल्लं झाली की महिनाभर बंद.
आम्ही हसलो होतो. सही करताना कोण
पिल्लांचा विचार करतो?

पिल्लं झाली नाताळच्या आठ दिवस आधी.

रुजायने बीळ बघितलं, चिपीच्या मुळांत,
आणि रात्रीच होडी घालून सांगायला आली.
तेव्हा आमच्या वहीत नावं होती एकशे बारा.
कोल्हापूरची एक पार्टी तर म्हणत होती,
दुप्पट देतो, फक्त स्पीकर आणू द्या.
गोपिका उठून उभी राहिली.
तिच्या थोरलीची नर्सिंगची फी जानेवारीत होती.
तुमका जनावरांची पोरा दिसतत, ती म्हणाली,
माझा नाय दिसना.
कुणी काही बोललं नाही.
ती चुकीचं बोलत नव्हती,
आणि म्हणूनच बोलता येत नव्हतं.
हात वर करायला सांगितले.
सगळ्यांत शेवटी तिचा वर गेला,
कोपरातून वाकलेला, अर्धा.
आम्ही तो पूर्ण धरला.

होड्या पालथ्या घातल्या, इकडे तीन, तिकडे तीन.
कोल्हापूरची पार्टी
पुलापलीकडच्या इंजिनवाल्याकडे गेली.
त्यांची गाणी आम्हाला जेटीवर ऐकू येत होती.

पंधराव्या दिवशी मोजणीला एक होडी काढली.
इनास वल्ह्यावर, रुजाय नाळेवर,
मी, शालन, आणि न बोलावता येऊन बसलेली गोपिका.
भरती वर चढत होती.
मुळांमधून आधी मिशा आल्या,
मग ओलं, चपटं डोकं.
मादीने मासा पकडला आमच्या हद्दीत
आणि खाल्ला त्यांच्या.
हद्दीच्या सिमेंटच्या खांबावर चढून,
दोन्ही राज्यांच्या अक्षरांवर
खवल्यांनी भरलेली विष्ठा टाकली.
आकरा प्रती, इनास पुटपुटला,
आणि हिका एकाचीय गरज ना.

मग पिल्लं. एक. दोन.
तिसरं दुसऱ्याच्या शेपटीला चावत.
खूप वेळाने, पाण्यात पडायला घाबरणारं, चौथं.

परतताना गोपिकेने वही मागितली.
गुडघ्यावर ठेवून,
होडी हलत होती म्हणून वाकडंतिकडं लिहिलं:
प्रवासी चार. माणशी दोनशे.
आठशे रुपये,
येणे बाकी.