देव राहिला

डॉक्टरांनी सहा सायकली सांगितल्या तेव्हा
मला पहिली सायकल आठवली,
भावाची, दांडीची,
टेंबलाईच्या उतारावरनं मी पडलो ती.
डाव्या भुवईत दोन टाके, आणि तेवढ्या जागी
पुन्हा कधी केस नाही.
(आमच्याकडं बाई पण 'पडलो'च म्हणते. चालतंय.)

त्या सहाही पार पडल्या.
केस परत आले, कुरळे, कुणाचे कुणास ठाऊक.
भुवया आल्या नाहीत.
शिरोलीच्या फौंड्रीत हिशेब लिहितो मी.
पोरं पगार घेताना माझ्या कपाळाकडं बघतात
आणि पटकन पावतीकडं.

पुतणी शर्वाणी बँकॉकहून म्हणाली, काकी, इकडं ये.
इथली बाई पंधरा वर्षं हेच करते,
काचेचं दुकान, पाटी, पत्ता,
काही बिघडलं तर वाजवायला दार तरी आहे.
मी वहीत मांडलं:
व्हिसा, तिकीट, मुंबईपर्यंतची रात्र,
ताज्या जखमा घेऊन विमानात बसणं,
आणि सहा आठवड्यांनी रंग पक्का करायला
परत तेवढंच सगळं.
एका भुवईला एक म्हैस पडत होती.

इकडं राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
मधुमतीच्या पार्लरला दर तीन महिन्यांनी एक बाई येते.
नोई. तीही बँकॉकचीच.
दोन दिवस, चौदा गिऱ्हाइकं, मग बेळगाव, मग गोवा.
"तीच सुई, तोच रंग," मधुमती म्हणाली,
"तू जायचीस तिथनं ती आली, एवढाच फरक."

एवढाच.

आईच्या गावात सुगी झाली की गोंदणारीण यायची.
आईनं तिला भावाचं नाव सांगितलं, सुखदेव.
'सुख' टोचून झालं आणि वेशीपासनं कुणी हाक मारली,
बाईनं सुया फडक्यात गुंडाळल्या.
देव पुढल्या साली लिहिते, म्हणाली.
पुढल्या साली आली नाही.
त्याच्या पुढल्याही.
आईचा हात शेवटपर्यंत तेवढाच राहिला.
भाकरी थापून हात झटकला
की पिठातनं वर यायचं
हिरवं, जरा वाकडं, सुख.

फिरत्या माणसाचं असं असतं.
तरी गेलो.

नोईनं कपाळावर दोरा ताणला,
सुतार फळीवर ताणतो तसा,
आणि बोलायला फोन मध्ये ठेवला.
मी म्हटलं, जरा भ्यालोय.
फोननं तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं
आणि ती खुदकन हसली.
फोन मला बुवा समजला होता.

मग आरसा दिला.
दोन्ही भुवया आखलेल्या, तंतोतंत सारख्या,
इतक्या, की मी स्वतःचीच धाकटी बहीण दिसलो,
शिकलेली, कधी न पडलेली.
डावीकडं बोट ठेवलं, म्हटलं, इथं फट होती.
फोन काय बोलला कोण जाणे,
ती मान हलवत राहिली, नाही, नाही.
फट म्हणजे तिच्या हातची चूक.
चार गावांत फिरायचं तिला ह्याच चेहऱ्यांवर.
शेवटी मी आडव्या आडव्याच
हवेत हँडल धरलं, पायडल मारलं,
आणि खुर्चीतनं अर्धी खाली पडलो.

ते तिला फोनशिवाय कळलं.

निघताना विचारलं, सहा आठवड्यांनी?
तिनं कॅलेंडर दाखवलं. त्यात कोल्हापूर नव्हतं.
दहा दिवस पाणी नको, घाम नको,
रश्श्याच्या पातेल्यावर वाकायचं नाही.
वाकलो असेन. उजवीचं टोक फिकं पडलं.
शर्वाणी म्हणते, बघ, सांगितलं होतं.
सांगितलं होतंच.

सात तारखेला पगार वाटत होतो.
नवीन एक पोरगं, मोल्डिंगमधलं,
हात पुढं करून थांबलं, बघत राहिलं,
पावतीकडं नाही.
"मॅडम, लहानपणी पडला होता काय?"

व्हय, म्हटलं. सही कर.