दीड मिलिमीटर

झारुहीची निवा रात्री कुठे उभी होती
हे अमासियात कुणाला विचारावं लागत नाही.
बर्फ सांगतो.
शाळेपुढे एक काळा ठिपका,
पोस्टाच्या पायरीशी दोन,
सरहद्दीवरच्या चौकीपाशी बशीएवढा डाग.
चौकीत ती पाव पोचवते, बस इतकंच,
पण लवाशच्या भट्टीभोवती बसलेल्या बायका
डागांचा हिशेब ठेवतात.

जानेवारीत आली.
किल्ली टेबलावर आपटून म्हणाली,
"मार्तिरोस, हे गळणं थांबव.
तेलाचं काही नाही, तेल मी ओतीन.
पण ही गाडी फार बोलते."

बाबा हसले नाहीत.
दिवा घेऊन खड्ड्यात उतरले.
मी वरून पाने देत राहिले:
सतरा, तेरा, पुन्हा सतरा.
शाफ्ट सुटले, ट्रान्सफर केस सुटली,
मग गिअरबॉक्स, जो आम्ही दोघांनी
छातीवर झेलून खाली आणला
प्यायलेल्या मामासारखा.
क्लच. फ्लायव्हीलचे सहा बोल्ट.
आणि दुसऱ्या दिवशी, एवढ्या लोखंडामागे,
रबराचं एक कडं.
बांगडीहून जरा मोठं,
किंमत दोन पावांची.
ओठ जुन्या बुटासारखा कडक,
आतली केसाएवढी स्प्रिंग सैल.

बाबांनी क्रँकशाफ्टवरून नख फिरवलं.
"बघ."
पोलादाला खाच पडली होती,
गोल, गुळगुळीत.
"रबरानं? पोलादाला?"
"रोज टेकून राहिलं की पडते,"
म्हणाले, आणि उगाच खोकले.

नवं सील आधी तेलात.
कोरडं बसवलं तर पहिल्याच फेऱ्यांत ओठ जळतो.
आणि खाचेवर बसवायचं नाही,
दीड मिलिमीटर आत,
जिथे शाफ्टला अजून कुणी शिवलेलं नाही.
त्यावर जुनं सील उलटं धरून ठोके,
वर, खाली, डावीकडे, उजवीकडे,
झोपलेल्या घराचं दार वाजवावं
इतपतच.
दर ठोक्यामागे कॅलिपर.
ट्रॅक्टरला घणानं सरळ करणारा हा माणूस
इतका हळू होऊ शकतो,
मला माहीत नव्हतं.

"किती झाले?" झारुहीनं विचारलं.
"सीलचे दे."
"आणि दोन दिवसांचे?"
बाबा चिंधीला हात पुसत राहिले,
पुसून झाल्यावरही.

ती गेली. मागे रस्ता पांढराच.
भट्टीवरच्या बायका म्हणे
आठवडाभर हिरमुसल्या होत्या.

संध्याकाळी मी परसातला बर्फ लोटायला गेले.
अक्रोडाखाली,
जिथे गिऱ्हाइकाची गाडी आम्ही कधीच लावत नाही,
वरचा थर निघाला आणि एक डाग दिसला.
त्याखालच्या थरात दुसरा.
त्याखाली आणखी एक, नोव्हेंबरातला असावा.

खिडकीत बाबा, हातात चहा, न प्यायलेला.

मी फावडंभर ताजा बर्फ उचलला,
वर टाकला,
बुटानं नीट चोपला.
"झालं का गं?"
"झालं," म्हटलं. "इथे फारसं नव्हतंच काही."