दोन नंबरचा गट

सकाळी सातला कुलूप काढते.
आधी वास येतो, मग उंदीर जागे होतात.
पाच पिंजरे, दर पिंजऱ्यात सहा,
कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या शेपटीवर
पिकरिक ॲसिडचा पिवळा ठिपका,
हळद लागल्यासारखा.
नाव ठेवायचं नसतं. खूण ठेवायची.

तबस्सुम मॅडम वही उघडतात.
पहिला गट : नुसतं पाणी.
दुसरा : कार्बन टेट्राक्लोराईड, तेलात मिसळून.
तिसऱ्याला विष आणि दुकानातलं औषध,
चौथ्या-पाचव्याला विष आणि भुईआवळी,
कमी, जास्त.
"दुसऱ्याला आणखी काय द्यायचं?"
पहिल्या वर्षी विचारलं होतं मी.
"काही नाही, केवळाबाई. तो तुलनेसाठी."

भुईआवळी मीच आणते,
विष्णुपुरीच्या कालव्याकडेनं, पोत्यात.
खुरपायला जायची तेव्हा हीच उपटून बांधावर फेकलेली.
वीतभर रोप, पानांच्या पाठीला
मोहरीएवढी फळं ओळीनं,
लेकरं पाठुंगळी घेतल्यासारखी.
सांजेला पानं मिटतात. पोत्यातसुद्धा मिटतात,
तिथं त्यांना सांज झाल्याचं कोण सांगतं कुणास ठाऊक.

मॅडम ती स्पिरिटात भिजवतात, आटवतात,
बशीच्या तळाला उरतो काळपट हिरवा चिकटा.
पोतंभर रानाचा एवढाच जीव.
त्यात फिलॅन्थिन असतं म्हणे.
मला ते एखाद्या मिशनच्या नर्सबाईचं नाव वाटतं.

शेवटच्या दिवशी काळजं ट्रेमध्ये मांडतात.
काळीज पोटात असतं,
हे मटणवाल्याला ठाऊक होतं,
आम्हीच उगाच छातीवर हात ठेवत आलो.
पहिल्याचं जांभळट लाल, गुळगुळीत.
दुसऱ्याचं फिकट, ओल धरलेल्या भिंतीसारखं.
पाचव्याचं जवळजवळ पहिल्यासारखं.
जवळजवळ.

माझा भाऊ नागोराव
हिंगोली गेटला ट्रकच्या बॉड्या रंगवतो,
एकोणीस वर्षं. मोर, कमळ, गरुड.
नाकाला फडकं, हात थिनरनं धुवायचे.
औंदा डोळे पिवळे झाले.
डॉक्टर म्हणाले, दारू सोडा.
"घेतच नाही की," तो म्हणाला.
कुणी लिहून घेतलं नाही.

मॅडमला विचारलं : दोनशे ग्रॅमच्या उंदराला एवढं,
तर बावन्न किलोच्या माणसाला किती बसतं?
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
"हे उंदरात दिसलंय, बाई.
माणसात आम्ही नाही पाहिलं."
विष तेवढं पाहून झालंय,
तोंडावर आलं होतं माझ्या.

दुसऱ्या पिंजऱ्यातले पाच निपचित पडून असायचे.
शेपटीवर खूण असलेला एकटा जाळीपाशी यायचा,
बोट हुंगायचा.
पदराला अडकून राहिलेली एक डहाळी
मी आत सरकवली.
मग रोज. नऊ दिवस.

रिपोर्ट आले.
मॅडम दोन दिवस मशीनशी भांडल्या,
दुसऱ्या गटातल्या एकाचं एसजीपीटी जुळेना.
तिसऱ्या दिवशी स्वतःच पिंजरा झाडायला बसल्या.
भुश्शात मोहरीएवढं हिरवं काही सापडलं,
तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं.
माझ्याकडे नाही पाहिलं.
वहीत त्या रांगेवर आडवी रेघ ओढली,
पुढं लिहिलं : वगळला.

मग म्हणाल्या,
"बाटल्या भरल्या का, केवळाबाई?"