ग्रातोचा फुकटचा सल्ला

ये, बैस. बूट नवे दिसतायत. झकास!
कोरे बूट शर्यतीच्या सकाळीच घालावेत.
जुन्यांना तुझ्या टाचेच्या खोडी पाठ असतात,
नव्यांशी वाटेत ओळख होते,
आणि एकशे सत्तर किलोमीटर म्हणजे
चांगली सविस्तर ओळख.
नखांचं मनावर घेऊ नकोस. दहा असतात.
मी सहा घेऊन परतलो,
काही अडलं नाही.

सुरुवात मात्र जोरात कर.
चर्चच्या पायरीवर बँड वाजतो,
बेकरीवाली ओदिला पिठाच्या हातांनी टाळ्या पिटते,
तिच्यासमोर कुणी चालतं का?
वळणापर्यंत सुसाट सुट.
वळणापलीकडचं ओदिलाला दिसत नाही,
तिथे हवं तर मर.

पाणी?
पाणी जड. लिटरला चक्क एक किलो.
त्यापेक्षा तहान ने, तिला वजन नसतं.
टॉर्चमध्ये जुनेच सेल घाल.
अंधारात खिंड दिसत नाही,
आणि न दिसलेला चढ
अर्धाच मोजतात आमच्या आओस्तात.

वाट चुकलास तर गाईंच्या मागून जा.
त्यांच्या गळ्यात घंटा आहे,
म्हणजे कुणाला तरी त्या परत हव्यात.
तुझ्या गळ्यात काय आहे?

पहिल्याच तंबूत पोलेंता मिळेल,
वर फोंतिना चीज, तारा निघणारं.
तीन ताटल्या खा. पुढे उतार आहे.
पोलेंता आधी पोचेल,
तू मागून सावकाश ये.

उतारावर गुडघे कुरकुरतील.
लक्ष देऊ नकोस.
ज्यांची अक्कल गुडघ्यात, तेच इथे नाव नोंदवतात;
आता ऐन वेळी
तिचं ऐकायला लागलास तर कसं व्हायचं?
पायाची आग मस्तकात जाईल.
जाऊ दे. तीन हजार मीटरवर
तेवढीच ऊब.

दुसऱ्या रात्री दगड बोलायला लागतात.
उत्तर द्यावं, उद्धटपणा बरा नव्हे.
मी एका दगडापाशी बसून
तासभर मेव्हण्याची गाऱ्हाणी सांगितली,
उजाडल्यावर कळलं,
तो मेव्हणाच होता.

आणि हे बघ,
एकशे बाराव्या किलोमीटरला, पुलापाशी,
एक पांढरी व्हॅन उभी असते.
अकरा सीटा, मऊ घोंगड्या,
हीटर वसंतातच दुरुस्त केलाय.
काढता पाय घेणाऱ्यांसाठी.
ती मीच चालवतो.
नाही, नाही, सल्ल्याचा आणि तिचा काही संबंध नाही.
रिकामी गाडी घाटात उडते, एवढंच.

गेल्या साली लेओंतीना आली होती,
चौसष्टीची, डेअरीतून निवृत्त झालेली हिशेबनीस.
एकेक शब्द पेन्सिलीने टिपून घेतलान,
मध्येच विचारलंन, "पोलेंताच्या ताटल्या किती म्हणालात?"
मी मनातल्या मनात तिला
खिडकीजवळची सीट देऊन टाकली.
तिसऱ्या पहाटे व्हॅनच्या काचेवर टकटक.
तीच. चेहऱ्यावर मीठ, पायात
बारा वर्षांचे बूट.
वही हलवत म्हणाली,
"फार उपयोग झाला हो.
सगळं ओळीने उलटं करत आले."
आणि गेली की चढावर,
माझ्याकडे न बघता, काठ्या टेकत,
हिशेब तपासल्यासारखी.

तेव्हापासून जपून बोलतो.
चुकून एखादा सल्ला
खरा निघायचा.

मोजे ना? छे, एकच जोड.
तोही ओला.