प्रत

पहिल्या प्रतीचा तारा ठळक, सहाव्या प्रतीचा जेमतेम.
आकडा चढतो, उजेड उतरतो.
पाच पायऱ्या उतरलं की शंभरातला एक हिस्सा उरतो.
ही उलटी गणती फार जुनी, कुणी सुलटी केली नाही.
मीही नाही. माझं काम रकाने भरण्याचं.

केपटाउनच्या कचेरीत दर महिन्याला
फ्रेझरबर्गहून एक कार्ड यायचं:
हेस्टर ब्लिग्नॉट, टेलिफोन एक्सचेंज, रात्रपाळी.
कारूच्या त्या माळावर मध्यरात्रीनंतर
कोण कुणाला फोन करणार?
एखादी मेंढी अडते, एखादा म्हातारा जातो, तेवढंच.
मग ती हेडफोन उतरवून
वडिलांची दुर्बीण घेऊन मागच्या पायरीवर बसायची,
घंटी ऐकू येईल इतपत दार उघडं ठेवून.

रीत साधी.
नौकातलातला तो तांबडा तारा,
त्याच्याहून जरा उजळ एक शेजारी, जरा मंद दुसरा.
शेजाऱ्यांच्या प्रती ठाऊक;
मधल्याला कुठे उभं करायचं ते डोळ्यानं ठरवायचं,
शाळेत उंचीप्रमाणे रांग लावतात तसं.
आणि रोखून बघायचं नाही.
रोखून पाहिलं की तांबडा तारा चढून बसतो.
नजर टाकायची, काढायची.

"५.३. वारा. कुत्रं भुंकतंय."
"६.१. ढगांच्या फटीतून. खात्री नाही."
"पाहिला नाही. याकोबसचं दफन."
अशी अकरा वर्षं.

मग तिचा आकडा इतरांपासून सुटू लागला.
आधी एका दशांशानं, मग दोन, मग चार.
सगळे म्हणत तारा उतरतोय,
ती म्हणे, अजून तितका नाही.
पांढऱ्या ताऱ्यांचे आकडे मात्र चोख.
मी नकाशा तपासला, चंद्राच्या तिथ्या तपासल्या,
तिच्यावर थोडा चिडलोही.

आमच्यातल्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरनं
रकान्यावरून बोट फिरवलं, म्हणाला:
धुकं सगळ्यांवर सारखं पडलं असतं
तर तुला कधीच कळलं नसतं.
हिच्या डोळ्यातलं भिंग पिवळं पडतंय.
तारा वाढलेला नाही,
त्याचे निळसर शेजारी बुडतायत.

असं पत्र कसं लिहितात?
मी चार वेळा लिहिलं. एक प्रत अजून खणात आहे,
तीत "०.४ इतकी पद्धतशीर तफावत" वगैरे आहे.
पाठवलं त्यात एकच ओळ होती:
बाई, डोळे दाखवून घ्या.

तीन महिने कार्ड नाही.
रकान्यात मी आडव्या रेघा मारल्या,
प्रत्येक रेघेला हात जड.

मग आलं. अक्षर बारीक, सुटसुटीत.
"ब्यूफोर्ट वेस्टला दोन्ही मोतीबिंदू काढले.
घरी परतले तर फाटक निळं निघालं.
आठ वर्षं मी त्याला हिरवं समजत होते,
पोपडे उडाले तिथे हिरवा रंग लावत होते.
आता ठिगळं दिसतात. शेजारीण म्हणते,
तिला वाटायचं मला तसंच आवडतं.
तारा: ७.४. गार हवा, स्वच्छ.
मागचं चुकलं असेल तर खोडा."

खोडायची आमच्यात पद्धत नाही.
त्या आकड्यांपुढे मी पेन्सिलीनं बारीक खूण केली
आणि समासात लिहिलं:
निळ्या फाटकाच्या आधीचे.